दिवाळीनंतर दर दहा दिवसांनी तुटणारा एक्सपोर्ट: कोटीभर ओळींची सीएसव्ही काढताना

रात्री अकराला लावलेला एक्सपोर्ट, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदी फाइलीत काढायचं काम, मध्यरात्रीनंतर कधीतरी तुटतो. रोज तुटत नाही, फक्त १० तारीख, २० तारीख आणि महिनाअखेर या तीन रात्री. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तर कधीच तुटत नाही. दिवाळी झाली की सुरुवात होते, मार्चपर्यंत सगळ्यांचा जीव मेटाकुटीला येतो आणि १ एप्रिलला तो आपोआप बरा होतो. ही तक्रार आमच्याकडे सलग तीन वर्षं आली आणि तिन्ही वर्षं आम्ही ती वेगवेगळ्या औषधांनी दाबली. मूळ सापडलं चौथ्या वर्षी. डेटाबेसमधून मोठा निकाल टेक्स्ट फाइलीत काढायचं काम ज्यांच्या गळ्यात आहे, त्यांना हा सगळा माग उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचं ऑफिस कोल्हापूरच्या राजारामपुरीत. जिल्ह्यातल्या गावोगावच्या प्राथमिक संस्थांकडून दूध गोळा करणारी एक संस्था आमची गिऱ्हाईक आहे. डेटाबेस ओरॅकल. मुख्य टेबलात एका मापाची एक ओळ: उत्पादक क्रमांक, गावची संस्था, तारीख, सकाळ की संध्याकाळ, म्हैस की गाय, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ), दर, रक्कम. वीस हजार उत्पादक आणि दोन वेळची मापं धरली तर दिवसाला ४०,००० ओळी, वर्षाला १ कोटी ४६ लाख. दर दहा दिवसांचं बिल बंद झालं की १ एप्रिलपासून त्या दिवसापर्यंतची सगळी मापं एका सीएसव्ही फाइलीत (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेल्या साध्या टेक्स्ट फाइलीत) काढून हिशेब विभागाला आणि लेखापरीक्षकांना द्यायची, अशी पद्धत. एक ओळ साधारण ९० बाइटची धरा, म्हणजे मार्चअखेर फाइल जाते १.३ जीबीच्या घरात.

आधी कुठं चुकलो

पहिला संशय क्वेरीवर, म्हणजे डेटाबेसकडे ओळी मागणाऱ्या आज्ञेवर. तारखेवर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) होताच, आम्ही आणखी दोन टाकले. फरक शून्य. दुसरा संशय दुधावर! थंडीत दूध वाढतं हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत, त्यामुळं डेटा वाढला असणार असं सगळ्यांनी धरून टाकलं. पण थंडीत वाढतात लिटर, ओळी नाहीत. म्हशीनं चारऐवजी सहा लिटर दिलं तरी मापाची ओळ एकच. ही साधी गोष्ट मोजून बघायला आम्हाला एक पूर्ण हंगाम लागला. तिसरा उपाय त्यातल्या त्यात बरा वाटला. एरर येत होती ओआरए-०१५५५, म्हणजे ‘स्नॅपशॉट टू ओल्ड’, म्हणून अनडू टेबलस्पेस, म्हणजे बदललेल्या ओळींची जुनी रूपं राहतात ती जागा, मोठी केली. त्या वर्षी दुखणं दिवाळीवरून संक्रांतीपर्यंत पुढं सरकलं. सरकलं एवढंच, गेलं नाही.

शेवटी एक गोष्ट केली, जी पहिल्या दिवशी करायला हवी होती. क्वेरीत काहीही न बदलता तीच स्क्रिप्ट ऑफिसच्या मशिनऐवजी डेटाबेसच्याच सर्व्हरवर बसून चालवली. ऑफिसातून पाच तासांहून जास्त घेणारं काम तिथं बारा मिनिटांत झालं. क्वेरी तीच, ओळी त्याच, फाइल तीच. म्हणजे दुखणं क्वेरीत नव्हतं, ओळी डेटाबेसपासून फाइलीपर्यंत येण्याच्या वाटेत होतं.

म्हणून माझं आता ठाम मत झालंय की एक्सपोर्ट हळू चालला तर क्वेरीला हात लावायच्या आधी, कोण कोणाची वाट बघतंय ते बघा. प्रत्येक डेटाबेस हे सांगतो, फक्त विचारावं लागतं. ओरॅकलमध्ये चालू जोडण्यांची यादी देणाऱ्या व्ही-डॉलर-सेशनमध्ये तुमच्या सेशनसमोर बहुतेक वेळ ‘एसक्यूएल नेट मेसेज फ्रॉम क्लायंट’ दिसत असेल, तर डेटाबेस रिकामा बसलाय आणि तुमच्या पुढच्या मागणीची वाट बघतोय. पोस्टग्रेसमध्ये पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटीत ‘क्लायंट राइट’ दिसेल, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एसिंक नेटवर्क आयओ’, मायएसक्यूएलच्या प्रोसेसलिस्टमध्ये ‘सेंडिंग टू क्लायंट’. यातलं काही वारंवार दिसत असताना इंडेक्स टाकत बसणं म्हणजे पाय दुखतोय आणि डोक्याला बाम चोळतोय.

वाटेत काय होत होतं

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर कोल्हापुरात कोणी विसरलेलं नाही. पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागं टाकली होती, शिरोलीला महामार्ग पाण्याखाली होता. आमच्या या गिऱ्हाइकाचा सर्व्हर तळमजल्यावर होता. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून चार जणांनी तो खांद्यावरून वर नेला. पूर ओसरल्यावर शहाणपणानं निर्णय झाला की सर्व्हर इथं नको. तो मुंबईच्या डेटा सेंटरला गेला आणि ऑफिसं व्हीपीएननं (इंटरनेटवरच्या खासगी जोडणीनं) जोडली गेली. निर्णय योग्यच होता, २०२१ च्या पुरात तो लाखमोलाचा ठरला. पण एक्सपोर्टची स्क्रिप्ट तीच राहिली. ती लिहिली होती सर्व्हर शेजारच्या खोलीत असताना.

एसक्यूएल प्लस (ओरॅकलचा प्रोग्रॅम, ज्यात आमची स्क्रिप्ट चालते) एका फेरीत किती ओळी आणतो, हे ‘अ‍ॅरेसाइझ’ नावाच्या सेटिंगवर ठरतं आणि ते मुळात १५ असतं. पंधरा ओळी आणायच्या, फाइलीत लिहायच्या, परत मागायला जायचं. १ कोटी ४६ लाखांना पंधरानं भागा: ९ लाख ७३ हजार फेऱ्या. सर्व्हर त्याच इमारतीत असताना एका फेरीला ०.३ मिलिसेकंद लागायचे, म्हणजे सगळ्या फेऱ्यांचे मिळून पाचेक मिनिटं. कुणाच्या लक्षातही येणार नाही. व्हीपीएनवरून मुंबईला जाऊन यायला आम्ही मोजलं तर २० मिलिसेकंद. तेच गणित परत करा: १९,४६७ सेकंद, ५ तास २४ मिनिटं. हा वेळ निव्वळ येण्याजाण्याचा आहे, त्यात काम काहीच नाही. गवळ्यानं तांब्या-तांब्यानं दूध डेअरीला पोचवावं तसं.

याच हिशेबानं वर्षातल्या प्रत्येक दिवसाच्या नोंदी आणायला ५३ सेकंद लागत होते. एप्रिलमध्ये फाइल लहान, लगेच उरकायची. पण दर दिवसाबरोबर ५३ सेकंद वाढत वाढत २० ऑक्टोबरच्या आसपास एक्सपोर्ट तीन तासांचा होतो. आणि रात्री दोनला बिलिंग सुरू होतं!

इथं सगळे धागे जुळले. बिलिंगचा प्रोग्रॅम त्या दहा दिवसांच्या सगळ्या मापांवर बिल क्रमांक टाकतो, म्हणजे त्या ओळी बदलतो. ओरॅकलचा नियम असा की क्वेरी सुरू झाली त्या क्षणी डेटा जसा होता तसाच तो शेवटपर्यंत दाखवणार. मधे ओळ बदलली तर जुनं रूप तो अनडूमधून काढून देतो. पण अनडू कायमचं राहत नाही. ‘अनडू रिटेन्शन’ मुळात ९०० सेकंदांचं, म्हणजे पंधरा मिनिटांचं असतं आणि आमची टेबलस्पेस लहान, ठरावीक आकाराची होती. आमचा एक्सपोर्ट तारखेच्या इंडेक्सनं क्रमानं पुढं जायचा, त्यामुळं नुकतेच बदललेले शेवटचे दहा दिवस तो सगळ्यात शेवटी वाचायचा. मार्चअखेर तिथं पोचेपर्यंत सव्वाचार वाजायचे. दोन वाजता झालेल्या बदलांचं जुनं रूप तोवर पुसलं गेलेलं असायचं. मग ०१५५५.

बिलिंग नसलेल्या रात्री कुणी ही फाइल काढली तर ती पाच तासांनी का होईना, पूर्ण व्हायची. म्हणून कुणाला थांग लागत नव्हता. आणि गहाळ व्हायच्या त्या ओळी नेमक्या ताज्या दहा दिवसांच्या, ज्यांच्यावर बिलं निघायची.

चूक लपली कशी

हे मला सगळ्यात जास्त लागलं. तीन वर्षांत कितीतरी वेळा ती फाइल अपुरी गेली असणार आणि आम्हाला कळलंही नसणार. एसक्यूएल प्लस एरर आली तरी मुळात थांबत नाही. पुढच्या आज्ञेवर जातो आणि शेवटी ‘सगळं ठीक’ असाच निकाल सांगून बाहेर पडतो. ठरल्या वेळी काम लावणाऱ्या टास्क शेड्युलरला हिरवी खूण दिसते. स्क्रीनवरचं लिखाण आम्ही बंद ठेवलेलं, त्यामुळं तिथंही काही नाही. एरर लिहिली गेली होती ती फाइलीतच, अगदी शेवटच्या ओळीत, मापांच्या खाली.

मग हिशेब विभागातल्या कुणी ती बघितली नाही का? फोनवर मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, “अहो सर, फाइल तर उघडतीया की! सगळं दिसतंय त्यात.” ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी ती एक्सेलमध्ये उघडली होती. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, पुढच्या सोडून दिल्या जातात. एक इशारा येतो, तो ‘ओके’ दाबला की जातो. दिवसाला ४०,००० ओळींच्या हिशेबानं त्यांना एप्रिलची २६ तारीख पूर्ण आणि २७ तारीख थोडीशी दिसत होती. फाइलीच्या तळाशी असलेली एरर त्या शीटमध्ये येणंच शक्य नव्हतं. एका दोषानं दुसरा झाकला.

तसाच दुसरा प्रसंग महिन्याच्या फाइलीचा. ती तालुक्यांच्या अकारविल्हे क्रमानं निघायची: आजरा, करवीर, कागल, गगनबावडा असं करत शेवटी शिरोळ आणि हातकणंगले. तीस दिवसांच्या बारा लाख ओळी. शीर्षकाची एक ओळ धरून एक्सेलनं खालच्या १,५१,४२५ सोडल्या. तिथूनच कुणीतरी यादी बनवली आणि एका गावच्या संस्थेच्या सचिवांचा फोन आला, “साहेब, समद्यांची नावं हायती, आमच्या गावाचं न्हाई. आमचं दूध काय कमी पडलं काय?” हातकणंगले तालुका अख्खा गायब होता. कोणाच्या तरी दुधाचे पैसे त्या ओळींत असतात. म्हणून या विषयात ‘चालतंय की’ हा शब्द मला आता ऐकवत नाही.

ओरॅकलवर काय बदललं

अ‍ॅरेसाइझ १५ चं ५००० केलं, एसक्यूएल प्लसची कमाल मर्यादा तीच. फेऱ्या उरल्या २,९२०, म्हणजे येण्याजाण्याचा वेळ एका मिनिटाच्या आत. खरं तर १००० ला सुद्धा तो पाच मिनिटांवर येतो आणि त्यापुढं फायदा झपाट्यानं कमी होतो, त्यामुळं ओळ लांब असेल, मेमरी कमी असेल तर हजारावर थांबा. पूर्ण वर्षाची फाइल आता व्हीपीएनवरूनही पंधरा मिनिटांच्या आत येते.

स्क्रीनवर ओळी छापणं बंद करायचं ते ‘सेट टर्मआउट ऑफ’नं. पण हे फक्त स्क्रिप्ट फाइल बनवून ती चालवली तरच लागू होतं. प्रॉम्प्टवर हातानं टाइप केलं तर काही परिणाम नाही, आणि इथं खूप जण फसतात. ‘ट्रिमस्पूल ऑन’ विसरू नका. ओळीची रुंदी २००० ठेवली आणि हे विसरलात, तर ९० बाइटची ओळ मोकळ्या जागांनी भरून २००० बाइटची होते आणि १.३ जीबीची फाइल २९ जीबीची.

आवृत्ती १२.२ पासून ‘सेट मार्कअप सीएसव्ही ऑन’ मिळतं. अवतरणचिन्हं, स्वल्पविराम सगळं तोच बघतो. आमची जुनी स्क्रिप्ट सगळे कॉलम एकमेकांना चिकटवून एकच लांब ओळ बनवायची. त्यात ४,००० बाइटची मर्यादा आड येते आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत तीन बाइट खातं. म्हणजे इंग्रजीत चार हजार मावतात तिथं मराठीत जेमतेम तेराशे. पत्ता आणि शेरा लांब असला की ओआरए-०१४८९ येते ती यामुळंच. मोठे टेक्स्ट कॉलम असतील तर ‘सेट लाँग’ही वाढवा. मुळात ते ८० असतं आणि त्यापुढचा मजकूर मुकाट कापला जातो.

स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ‘व्हेनेव्हर एसक्यूएल एरर एक्झिट फेल्युअर’ टाका. एरर आली की काम तिथंच थांबेल आणि शेड्युलरला लाल खूण दिसेल. ही एक ओळ आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

आणखी एक. संस्थेचं नाव आणायला आमच्या क्वेरीत एक फंक्शन होतं, प्रत्येक ओळीला ते एकदा चालायचं. दीड कोटी वेळा तेच तेच नाव शोधणं! त्याऐवजी साधा जॉइन लावला, म्हणजे दोन्ही टेबलं क्वेरीतच जोडली. सर्व्हरवरची बारा मिनिटं त्यामुळं सातवर आली.

पोस्टग्रेसवर असाल तर दुखणं वेगळं

आमचं दुसरं एक काम पोस्टग्रेसवर आहे. तिथं लक्षण हे नव्हतं. तिथं एक्सपोर्ट सुरू होताच ऑफिसचं मशिन आचके द्यायला लागायचं, मेमरी भरायची आणि प्रोग्रॅम मरायचा, फाइलीत एक ओळही नाही. कारण उलटं: तिथं ओळी पंधरा-पंधरा येत नाहीत, सगळ्या एकदम येतात. पोस्टग्रेसचा पीएसक्यूएल हा प्रोग्रॅम मुळात पूर्ण निकाल आधी मेमरीत घेतो आणि मग छापतो. जावाचा ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारा भाग) तसाच, पायथनचा सायकोपीजी२ ही तसाच. १.३ जीबीचा मजकूर प्रोग्रॅमच्या मेमरीत गेला की त्याच्या कितीतरी पट जागा घेतो.

तिथं सरळ पीएसक्यूएलमधली बॅकस्लॅश-कॉपी ही आज्ञा वापरा. ती ओळ आली की फाइलीत लिहिते, साठवत नाही, आणि फाइल तुमच्या मशिनवर बनते. नुसती कॉपी आणि बॅकस्लॅश-कॉपी यात लोक गोंधळतात: नुसती कॉपी फाइल सर्व्हरवर लिहिते, त्यासाठी तिथले खास अधिकार लागतात आणि फाइल तुम्हाला इथं शोधून सापडत नाही. प्रोग्रॅममधूनच काढायची असेल तर जावात ऑटोकमिट (प्रत्येक आज्ञा आपोआप पक्की होणं) बंद करून फेच साइज, म्हणजे एका फेरीतल्या ओळींचा आकडा, द्या. ऑटोकमिट चालू असेल तर फेच साइज दिलेला असूनही तो पाळला जात नाही, यात आमचे दोन दिवस गेले. सायकोपीजी२ मध्ये कर्सरला (निकाल वाचत पुढं नेणाऱ्या खुणेला) नाव द्या, मग तो सर्व्हरवर उघडतो आणि ओळी हप्त्याहप्त्यानं येतात. पायथनच्या पांडाजमध्ये ‘चंकसाइझ’ (तुकड्याचा आकार) दिला म्हणून मेमरी वाचेल असं समजू नका. खालचा कर्सर सर्व्हरवरचा नसेल तर सगळा निकाल आधी आलेलाच असतो, तुकडे नंतर पडतात.

मायएसक्यूएलच्या क्लायंटला ‘क्विक’ पर्याय द्या, तोही साठवणं बंद करतो. ‘इनटू आउटफाइल’ वेगवान आहे, पण फाइल सर्व्हरवर बनते, ‘सिक्युअर फाइल प्रिव्ह’नं ठरवलेल्याच फोल्डरमध्ये, आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती एरर देते. एसक्यूएल सर्व्हरवर बीसीपी या साधनाचा ‘क्वेरीआउट’ उत्तम, फक्त तो अवतरणचिन्हं लावत नाही आणि मराठीसाठी कोडपेज ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८) सांगावं लागतं, जे २०१६ च्या आवृत्तीपासून चालतं.

पानं पाडून काढू नका

नवशिकी मुलं हमखास करतात ते हे: एकदम काढलं तर मरतंय, म्हणून पन्नास-पन्नास हजारांची पानं ऑफसेटनं (‘आधीच्या इतक्या ओळी सोड’ असं सांगून) मागायची. दिसायला शहाणपण आहे. पण ऑफसेट म्हणजे उडी नव्हे. दोनशेव्या पानासाठी आधीच्या एकशे नव्व्याण्णव पानांच्या ओळी डेटाबेस खरोखर वाचतो आणि फेकून देतो. १ कोटी ४६ लाखांची २९२ पानं होतात. सगळी बेरीज केली तर २१३ कोटींवर ओळी वाचल्या जातात. पहिली पानं पटापट येतात, शेवटची येता येत नाहीत, ही त्याची ओळख. वेळेपेक्षा वाईट म्हणजे प्रत्येक पान वेगळी क्वेरी. दोन पानांच्या मधे एखादी ओळ शिरली किंवा गेली की पुढचं सगळं सरकतं, काही ओळी दोनदा येतात, काही येतच नाहीत आणि एररही येत नाही.

तुकडे करायचेच असतील तर तारखेनं करा, एका महिन्याची एक फाइल. एखादा महिना तुटला तर तेवढाच पुन्हा काढायचा. बंद झालेले महिने बदलत नाहीत, मग दर दहा दिवसांनी एप्रिलपासून सगळं परत कशाला काढायचं? हा प्रश्न आमच्या इथं तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता. आता जुने महिने एकदाच निघतात.

फाइल आली, पण कॉलम सरकले

आपल्याकडचा पत्ता कधी स्वल्पविरामाशिवाय लिहिला जातो का? मु. पो. अमुक, ता. करवीर, जि. कोल्हापूर. एका पत्त्यात दोन स्वल्पविराम, म्हणजे पुढचे कॉलम दोन घरं सरकले आणि एसएनएफच्या जागी लिटर. म्हणून आमच्या आधीच्या माणसानं स्वल्पविराम सोडून पाइप (|) घेतला होता. ते वर्षभर चाललं. मग एका गावच्या संस्थेच्या शेऱ्यात ही नोंद आली: ||श्री|| वही क्र. २ प्रमाणे. दंड कीबोर्डवर सापडत नाही म्हणून लिहिणाऱ्यानं पाइपची कळ दाबली होती. श्रीकारानं सुरुवात करणाऱ्याची काय चूक? एका ओळीत चार कॉलम वाढले आणि आयात करणारा प्रोग्रॅम तिथंच अडला.

सुरक्षित असं चिन्ह शोधत बसू नका, तसं ते नसतं. आरएफसी ४१८० या २००५ च्या दस्तऐवजात सीएसव्हीचा नियम स्पष्ट आहे: ज्या मजकुरात स्वल्पविराम, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ आहे तो दुहेरी अवतरणात ठेवायचा आणि आतलं अवतरणचिन्ह दोनदा लिहायचं. हे काम हातानं चिकटवाचिकटवी न करता डेटाबेसच्या साधनालाच करू द्या. शेऱ्यात कुणी एंटर दाबलेला असेल तर एक नोंद फाइलीत दोन ओळींवर जाते, तेव्हा ओळी मोजून नोंदी तपासत असाल तर आकडा जुळणार नाही. आम्ही एक्सपोर्टच्या क्वेरीतच शेऱ्यातल्या नव्या ओळीच्या जागी मोकळी जागा घालतो.

नावं बिघडली तर ती कशी बिघडली ते नीट बघा. टोपीवाली इंग्रजी अक्षरं दिसत असतील तर फाइल शाबूत आहे, एक्सेलनं फक्त चुकीच्या पद्धतीनं वाचलीय. सुरुवातीला यूटीएफ-८ चं बीओएम, म्हणजे फाइल यूटीएफ-८ आहे हे सांगणारी खूण, घाला किंवा ‘डेटा’ टॅबमधून आयात करताना यूटीएफ-८ निवडा. पण फाइलीतच प्रश्नचिन्हं असतील तर मजकूर वाटेतच गेला, आता काहीही करून परत येणार नाही. ओरॅकलमध्ये मग क्लायंट मशिनवरचं ‘एनएलएस लँग’ हे अक्षरपद्धत ठरवणारं सेटिंग तपासा, त्यात एएल३२यूटीएफ८ हवं, आणि फाइल नव्यानं काढा.

खाते क्रमांकांची काळजी वेगळी घ्या. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच अचूक राहतो. सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, सुरुवातीची शून्यं गळतात आणि ती शीट सेव्ह केली की मूळ आकडा गेलाच. पैसे जमा करायची फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून कधीही उघडू नका. उघडायचीच असेल तर आयात करताना तो कॉलम ‘टेक्स्ट’ ठरवून घ्या. हिशेब विभागाला बघण्यासाठी आम्ही आता महिना आणि तालुका अशी वेगळी फाइल देतो, ती एका शीटमध्ये सहज मावते. मोठी फाइल फक्त प्रोग्रॅमसाठी.

फाइल पूर्ण आहे हे फाइलीनंच सांगावं

एक्सपोर्ट चालू असताना फाइलीचं नाव वेगळं असतं, शेवटी ‘अर्धी’ लावलेलं. सगळं सुरळीत संपलं तरच नाव बदलतं. त्यामुळं अपुरी फाइल चुकून कुणाच्या हाती लागत नाही. सोबत एक छोटी फाइल निघते, तिच्यात तीन आकडे: एकूण नोंदी, एकूण लिटर, एकूण रक्कम. हे आकडे डेटाबेसमधून स्वतंत्र क्वेरीनं येतात आणि तयार झालेली फाइल परत वाचून केलेल्या बेरजेशी जुळवले जातात. नोंदींचा आकडा एकटा पुरत नाही. कॉलम सरकले तरी नोंदी तेवढ्याच राहतात, लिटरची बेरीज मात्र लगेच बोंब मारते.

सगळ्यात सोपा बदल सगळ्यात उशिरा सुचला. एक्सपोर्ट अकराला का सुरू व्हायचा? कारण त्याला पाच तास लागायचे आणि सकाळी फाइल हवी असायची. आता पंधरा मिनिटं पुरतात, तर बिलिंगच्या आधी पळायची गरजच नाही. शिवाय अकराला निघालेल्या फाइलीत त्या दहा दिवसांचे बिल क्रमांक कधीच नसायचे, ते हिशेब विभाग नंतर हातानं जोडत बसायचा. आता बिलिंगचा प्रोग्रॅम संपला की तोच एक्सपोर्टला हाक देतो. साधारण अडीचला बिलं होतात, पावणेतीनला फाइल तयार असते, बिल क्रमांकांसकट. पहाटे गावोगावी संकलन सुरू व्हायच्या आत तिन्ही आकडे जुळल्याचा मेसेज हिशेब विभागाच्या आणि माझ्या मोबाइलवर आलेला असतो.

अनडूची वाढवलेली जागा अजून तशीच आहे. ती कमी करायला हरकत नाही, पण येत्या दिवाळीनंतरचे दोन-तीन दसवडे (दहा-दहा दिवसांच्या बिलांचे टप्पे) नीट जाऊ देत, मगच तिला हात लावणार आहे.